चौरस्त्यावर तुझं नाव विचारलं तर

सन दोन हजार पंचवीस. माझं वय एकोणऐंशी. रीतीनं आधी मी जायचा होतो अन् तू माझ्या मागून, पुष्कळ वर्षांनी, सावकाश. तसं झालं नाही. चौथी शिकलेल्या माणसानं पेन धरला की मनगट दुखतं, म्हणून लांबण लावणार नाही. तुझ्या कॉलेजातल्या मुली घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "आजोबा, मॅडमबद्दल काही लिहून द्या, आम्ही छापतो." मी म्हणालो, मॅडमबद्दल तुम्ही लिहा. मी तिच्याबद्दल नाही, तिच्याशी बोलतो. आमचं बोलणं बाकी आहे.

तर सूनबाई, ऐक.

परवा दुपारी बाहेरून घरी आलो. फाटकाची कडी काढली अन् सवयीनं खाकरलो. खाकरून उभा राहिलो. आतून बांगडी वाजली नाही. मी उभाच. ऊन डोक्यावर. शेवटी शेजारची म्हातारी तिच्या ओट्यावरून ओरडली, "काऊन उभे राह्यले भाऊ? घर तुमचंच आहे ना?"

घर माझंच आहे. पण माझ्या घरात शिरायची माझी एक पद्धत होती, अन् तिचा अर्धा भाग तुझ्याकडं होता.

सासऱ्यानं फाटकात खाकरायचं. आत सुनेनं बांगडी वाजवायची, म्हणजे ऐकलं, या. मग सासऱ्यानं 'हं' म्हणायचं अन् उंबरा ओलांडायचा. माझ्या बापानं हेच केलं, त्याच्या बापानं हेच केलं. तू ड्रेस घालून कॉलेजात शिकवायला जाणारी. डोक्यावर पदर तू पहिल्या वर्षातच सोडलास, अन् मी एक-दोनदा फुरफुरून गप्प बसलो. पण बांगडीचं तू कधी सोडलं नाहीस. हातात नुसतं घड्याळ असलं तर पेल्यावर चमचा वाजवायचीस. टण्ण. मी म्हणायचो, हं. अन् यायचो.

तू नवी होतीस तेव्हाचं आठवते. मी खाकरलो, तू बांगडी वाजवलीस, मी 'हं' म्हणालो अन् आत आलो, तर तू तोंडावर ओढणी धरून हसत होतीस. माझं डोकं फिरलं.

"काऊन हासून राह्यली?"

"राग नका येऊ देऊ मामाजी. आज वर्गात पोराइले मी हेच शिकवून आली."

"खाकरनं शिकवते का तू कॉलेजात?"

"तसंच समजा. दोन कॉम्प्युटर बोलाले लागतात ना, तं त्याच्या आधी एक जन खाकरते. दुसरा म्हनते, ऐकलं, मीबी तयार आहे. मंग पहिला म्हनते, हं, तुझंबी मले ऐकू आलं. हे तिन्ही झाल्याबिगर कामाचा एक शब्द पुढं जात नाई."

"हे कोनं ठरवलं?"

"विदेशातल्या लोकाइनं."

"त्याइच्या घरी सासरे असतील," मी म्हणालो.

तू एवढी हसलीस की स्वयंपाकघरातून तुझी सासू बाहेर आली. ती आपल्या दोघांकडं पाहत राहिली. सासरा-सून हसताना तिनं आयुष्यात पाहिले नव्हते.

मी मात्र एका गोष्टीवर अडलो. बांगडी वाजली की झालं, तिसरं 'हं' कशाला? तू म्हणालीस, "बांगडी वाजवनारीले कसं समजन तुमाले ऐकू आली म्हनून? तुमचं मले पोचते हे मले माहीत. माझं तुमाले पोचते हेबी मले माहीत पायजे ना." हे मला पटलं. पटलं असं मी बोललो नाही. मी कधीच बोलत नव्हतो. मोठा माणूस गप्प बसला की आमच्यात ते 'हो' धरतात. तू हे कधी धरलं नाहीस. तुझं म्हणणं, तिथं, कॉम्प्युटरच्या बोलण्यात, गप्प म्हणजे पोचलं नाही. पुन्हा पाठवा.

इथूनच आपलं भांडण सुरू झालं, अन् ते संपलं असं मी आजही म्हणणार नाही.

जेवताना मी बोलत नाही हे तुला ठाऊक. भाकर संपत आली की ताटाच्या काठावर बोट वाजवायचं, पुरे झालं की हात आडवा धरायचा. तू वाढता वाढता मला शिकवायचीस. मी बोलू शकत नव्हतो म्हणून तुला सोयीचं पडायचं. "तिथंबी असंच आहे मामाजी. घेनारा सांगते, माह्या ताटात आता एवढी जागा आहे. देनाऱ्यानं तेवढंच वाढायचं. जास्त वाढलं तं सांडते." कधी म्हणायचीस, मोठं बोलणं एकदम जातच नाही. त्याचे तुकडे करतात, तुकड्यांवर आकडे टाकतात. रस्त्यात मागचा पुढं होते, पुढचा मागं राहते. घेणारा ते आकड्यानं लावून घेते, अन् मधला एखादा आला नाही तर सांगत राहते, मला अजून अमकाच पाहिजे, अमकाच पाहिजे, तो येईपर्यंत.

एकदा हात धुऊन झाल्यावर मी विचारलं, "अन् रस्त्यात हारपला तं रस्तेवाल्याची जबाबदारी नाई?"

"नाई मामाजी. रस्ता कशाचीच हमी देत नाई. हमी दोन टोकाच्या दोघाइनं घ्यायची असते."

हे मला लागलं. मी रस्त्याचा माणूस. जामच्या चौरस्त्यावर माझा पानठेला आहे. एक रस्ता नागपूरला, एक हिंगणघाटला, एक वरोऱ्याकडून चंद्रपूरला, एक वर्ध्याला. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता साऱ्या मुलखाला मी रस्ता दाखवला. ट्रकवाला तेलंगणातला असो का पंजाबातला, भाषा समजो न समजो, "ठाऊक नाही" हा शब्द माझ्या ठेल्यावर कोणी ऐकला नाही. अन् तू म्हणते, रस्ता हमी देत नाही. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तुला ते समजलंही नसेल, कारण मी तसाही बोलत नव्हतो.

तूच मग समजूत काढायला आलीस, संध्याकाळी, ओट्यावर, चहाचा कप घेऊन. म्हणालीस, "तुमच्या ठेल्याचंबी मी शिकवते मामाजी."

"काय शिकवते?"

"समजा एखाद्यानं विचारलं, सिंदीले कसं जाचं. तं तुमी काय म्हनता?"

"मी विचारतो, कोनती सिंदी? रेल्वे का मेघे? सिंदी रेल्वे कुठी अन् सिंदी मेघे कुठी!"

"हाव ना! कॉम्प्युटरच्या पत्त्याचंबी नाव असंच मागून वाचतात. पहिले मेघे, मंग सिंदी, मंग गल्ली, मंग घर. मशीनले फक्त आकडा समजते, मानसाले फक्त नाव याद राह्यते. मधात कोनीतरी सांगनारा पायजे."

"म्हंजे ठेला."

"हाव, ठेला. अन् सगळ्याइच्या वर जो बसला आहे ना, त्याले एकाबी घराचा पत्ता माहीत नसते. त्याले फक्त एवढं माहीत असते का पुढं कोनाले विचाराचं. थो म्हनते, वर्ध्याच्या रस्त्यानं जा, तिथं विचार. वर्धेवाला म्हनते, मेघे त्या अंगाले, तिथं विचार. असं विचारत विचारत मानूस दारात पोचते."

हे मला लई आवडलं. सगळ्यांच्या वर बसलेला माझ्यासारखाच. घर माहीत नाही, पण दिशा पक्की. त्या दिवशी मी तुला म्हणालो, चहा बरा झाला. एवढ्या वर्षांत एकदाच म्हणालो असेन.

मुदतीचं मात्र मला पटलं नाही, आजही पटत नाही. तू म्हणालीस, तिथं उत्तरासोबत मुदत देतात. एवढ्या वेळापुरतं हे खरं, त्यानंतर पुन्हा विचारा, कारण माणूस घर बदलते. मी म्हणालो, मुदतीचं उत्तर म्हणजे काय उत्तर? उत्तर द्यावं तर कायमचं. तू म्हणालीस, "नाल्याजवळचा सुतार गाव सोडून गेला, अन् तुमी अजून लोकाइले त्याच्याच घरी धाडता." धाडतो. मग? तो होता तिथं. मी खोटं सांगत नाही.

आता नावावर येतो. तेवढ्यासाठीच लिहायला बसलो.

लग्नात तुझं नाव मी बदललं. ताटात तांदूळ पसरले अन् माझ्या पोरानं, सुधाकरनं, अंगठीनं लिहिलं, गोदावरी. माझ्या मायचं नाव. मायनं ह्या चौरस्त्यावर पहिलं पाण्याचं मडकं ठेवलं होतं, ठेला तर मागून झाला. तिचा फोटो नाही, जमिनीवर तिचं नाव नाही. मला वाटलं, घरात ते नाव पुन्हा फिरलं पाहिजे, कोणीतरी हाक मारली पाहिजे.

अन् हाक मारणार कोण, हा विचार घरातल्या एकानंही केला नाही. तुझ्या सासूच्या तोंडून तिच्या सासूचं नाव निघणार नाही. मी सासरा, मी सुनेला नावानं हाक मारत नाही, अन् त्यातून मायचं नाव! सुधाकर मला भिऊन 'अवं' म्हणायचा अन् माझी पाठ वळली की 'वंदना'. तांदळावर लिहिलेलं ते नाव तांदळासोबतच डब्यात गेलं. घरात तू 'सूनबाई', बाहेर 'वंदना मॅडम', अन् गोदावरी कुठंच नाही. पण मी अडून होतो. ठेवलं म्हणजे ठेवलं.

मग तो दिवस. कॉलेजातून कोणी बाई तुला भेटायला आली. ठेल्यापाशी उतरून तिनं विचारलं, "वंदना मॅडम इथंच कुठं राहतात ना?" मी म्हणालो, "ह्या नावाचं कोनी नाई अथी." शेजारचा चहावाला बंडू ऐकत होता, ऑटोवाले ऐकत होते. ती बाई परतीच्या गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून उतरलीस ती तडक ठेल्यावर आलीस. घरची सून पानठेल्यावर! बंडूनं गाळणी तशीच हातात धरली, चहा उतू गेला.

"मामाजी, साऱ्या दुनियेच्या ट्रकाइले चंद्रपूरचा रस्ता सांगता, अन् घरच्या सुनेचा नाई?"

"तिनं वंदना विचारली. वंदना नावाचं मानूस माह्या घरात नाई. गोदावरी आहे."

"आहे ना? मंग मारा हाक. सगळ्याइसमोर मारा. गोदावरी म्हना, मी हो म्हनते."

माझं तोंड उघडलंच नाही. ऑटोवाले पाहून राह्यले होते. तू खूप वेळ उभी राहिलीस. मग आवाज खाली आणून म्हणालीस, "एका घराले दोन नावं असली तं बिघडत नाई मामाजी. तिथंबी असते. एक नाव विचारलं का सांगनारा म्हनते, थे अन् हे एकच, तिकडं जा. मायचं नाव मोडा असं मी म्हनत नाई. माझ्या नावानं कोनी विचारलं तं घर दाखवा. एवढंच."

अन् निघता निघता बोललीस, "अजून एक सांगते. तिथं 'नाई' हे उत्तरबी लोक याद ठेवतात. एकानं नाई म्हनलं का बाकीचेबी विचाराले जात नाई, तेच पुढं सांगतात."

तसंच झालं. बंडू शिकला, ऑटोवाले शिकले. वंदना? असं कोणी नाही इथं. मी पुन्हा सांगायची गरजच राहिली नाही.

तुझ्या त्या एका मागणीला मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. तू दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंस. मी खाकरलो अन् भाजीचं काढलं. मग दिवाळीला विचारलंस. मग तुझी सासू गेली, त्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी. मला वाटलं, सोडलं हिनं. ते सोडणं नव्हतं. तूच सांगितलं होतंस, उत्तर आलं नाही तर पहिल्यांदा लवकर पाठवायचं, मग जरा थांबून, मग त्याहून जास्त थांबून. पुढं गर्दी असेल, समोरचा अडचणीत असेल, आपण अजून गर्दी करायची नाही. पण पाठवायचं. लोक मला हट्टी म्हणतात. तुझा हट्ट माझ्यापेक्षा मोठा होता, फक्त त्याला आवाज नव्हता.

मग खरंच तुझा आवाज गेला.

गळ्याचं दुखणं, सावंगीच्या दवाखान्यातलं ऑपरेशन, गळ्यात बसवलेली नळी. ते सारं मला लिहायचं नाही. मी रोज वर्ध्याच्या गाडीनं यायचो अन् पडद्याच्या बाहेर स्टुलावर बसायचो. बायकांची खोली. पहिल्या दिवशी पडद्यापाशी येऊन मी खाकरलो. मला माहीत होतं बांगड्या काढून घेतल्या आहेत. तरी थांबलो. आतून खाटेच्या दांडीवर चमचा वाजला. टण्ण.

"हं," म्हणालो. अन् स्टुलावर बसलो.

नंतर आपलं बस्तान बसलं. मी ठेल्यावरची एक गोष्ट सांगायची, तू चमचा एकदा वाजवायचा, म्हणजे पोचली, पुढची सांगा. दोनदा वाजला की मी पुन्हा सांगायची. नाहीच वाजला तर तू झोपली असशील म्हणून थांबायचं, मग हळू तीच गोष्ट. बंडूच्या बकरीनं कोण्या मोटरवाल्याचा हार खाल्ला ती गोष्ट तू चार वेळा सांगायला लावलीस. ऐकू आली नव्हती असं नाही, मला माहीत आहे. सुधाकर आत बसलेला असायचा. तो म्हणायचा, "बाबा, ती हासून राह्यली." हसण्याला आवाज नव्हता, म्हणून त्याला सांगावं लागायचं. मी ज्या सुनेशी आयुष्यभर मोजून बोललो तिच्याशी त्या पडद्याआडून एवढं बोललो की गाडीत बसलो तरी जबडा दुखायचा. ते दिवस वाईट होते. तरी म्हणतो, मला मिळाले. तू दिलेस.

शेवटच्या दुपारी सुधाकर औषधं आणायला खाली गेला होता. मी खाकरलो. चमचा वाजला, अगदी बारीक. मी म्हणालो, हं. ठेल्यावरचं काही सांगायला नव्हतं. मी स्टूल पडद्याला टेकवलं अन् म्हणालो, "तुझ्या नावानं कोनी विचारलं तं घर दाखवीन."

आतून काही नाही.

मी थांबलो. मग पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं, "ऐकलं का? तुझ्या नावानं विचारलं तं घर दाखवीन मी."

तेवढ्यात सिस्टर गाडा घेऊन आली. स्टीलच्या वाट्या, कात्र्या, झाकणं, नुसता खणखणाट. "बाबा, जरा बाजूला व्हा." त्या खणखणाटात एखादा आवाज दांडीवरचा होता का? मला वाटलं होता. मग वाटलं, आपल्याला वाटावं म्हणून वाटला. गाडा गेला तेव्हा तू झोपली होतीस. मी शेवटच्या गाडीपर्यंत बसलो. चमचा वाजला नाही. उद्या पुन्हा सांगू, म्हणालो. असंच ना? उत्तर आलं नाही तर पुन्हा.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा पडदा सरकवलेला होता.

मला तुझं एक बोलणं तेव्हा आठवलं नाही, आता आठवते. एकदा मी विचारलं होतं, बोलणं सुरू करायची एवढी रीत, मग संपवायची? तू म्हणालीस, एक जण म्हणते, माझं झालं. दुसरा म्हणते, समजलं. मग दुसरा म्हणते, माझंही झालं. पहिला म्हणते, समजलं. पण ज्यानं हे शेवटचं 'समजलं' म्हटलं, तो लगेच उठून जात नाही. थोडा वेळ तिथंच थांबते. कारण त्याचं ते 'समजलं' पोचलं का नाही, हे त्याला सांगणारं आता कोणी नाही. "शेवटच्या हुंकाराले हुंकार नसते मामाजी. म्हनून थांबाचं. समोरच्यानं पुन्हा विचारलंच तं आपन तिथं असलो पायजे."

मी तेव्हा म्हणालो होतो, किती थांबायचं? तू म्हणालीस, ठरलेलं असते. माझ्यासाठी काय ठरलं आहे, ते विचारायचं राहिलं.

संध्याकाळी तुला स्मशानात पोचवून आलो. घरात माणसं होती, दिव्यापाशी बायका होत्या. सुधाकर भिंतीला टेकून फोन धरून बसला होता. आवाज बसलेला. फोनवर सांगत होता, "हो, जामलाच. चौरस्त्यावर उतरा अन् वंदनाचं घर विचारा, कोणीही सांगेल."

कोणीही सांगेल! तो कॉलेजातल्यांना, तुझ्या जुन्या विद्यार्थ्यांना, हिंगणघाटच्या तुझ्या माहेरच्या लांबच्या नातेवाइकांना तेच सांगत होता. मोबाईलचा नकाशा चौरस्त्यापर्यंत आणून सोडतो, पुढं माणूस लागतो. अन् चौरस्त्यावरच्या एकूण एक माणसाला मी शिकवून ठेवलं होतं. चारी रस्त्यांनी माणसं तुझं नाव घेऊन येतील, अन् तुझ्या घराच्या हाकेवर उभं राहून ऐकतील, असं कोणी नाही इथं. काही परत गाडीत बसतील. आणि तू त्या दिवशी खरंच नसशील, म्हणजे माझं उत्तर खरं होईल.

मी पोराला काही बोललो नाही. तो जसं तोंडभरून तुझं नाव घेत होता, तसं त्यानं माझ्यासमोर पहिल्यांदा घेतलं. मी खाकरलो नाही, अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवस निघता निघता मी टोपी घातली. सुधाकर म्हणाला, "कुठी निघाले बाबा? सुतक आहे."

"ठेल्यावर."

"लोक काय म्हनतील?"

"लोकाइलेच सांगाले चाललो."

ठेल्याचं फळकूट काढलं नाही. सुपारी, तंबाखू कशाला हात लावला नाही. स्टूल बाहेर काढलं, चारी रस्ते दिसतील असं मधोमध ठेवलं अन् बसलो. बंडू धावत आला.

"बाबा, काल तं घरात... अन् आज ठेला?"

"विकून नाई राह्यलो. बसलो आहो."

बंडूनं चहा दिला. सुतक असलेल्या माणसाला पैसे मागायचे का नाही हे त्याला कळेना, मलाही चहा गिळवेना. थोड्या वेळानं वर्ध्याच्या बाजूनं एक स्कूटी आली. दोन बायका, मागचीच्या हातात पिशवी. त्या बंडूच्याच पुढ्यात थांबल्या, कारण चूल पेटलेली त्याची होती.

"दादा, वंदना मॅडमचं घर कुठं आहे हो?"

बंडूचं तोंड सवयीनं उघडलं. "वंदना? असं कोनी नाई..."

"बंड्या!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की ऑटोवाले वळले. उभा राहिलो. मी चौरस्त्याकडं तोंड करून म्हणालो, "आहे. वंदना आहे. वंदना मॅडमचं घर पायजे ना? हे पाहा, त्या निंबाच्या मागून गल्ली जाते. डाव्या हाताचं तिसरं फाटक. फाटकात थांबा, आवाज द्या, मंग आत जा."

त्या गेल्या. बंडू माझ्याकडं पाहून राह्यला होता. मी म्हणालो, "ऐकलं का?"

"ऐकलं बाबा."

"काय ऐकलं? म्हनून दाखव."

"वंदना मॅडमचं घर. निंबाच्या मागून, डाव्या हाताचं तिसरं फाटक."

"हं."

मग ऑटोवाल्यांना एकेकाला बोलावून सांगितलं, त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. मायचं नाव मी मोडलं नाही, तेही सांगतो. दोन्ही नावांचं घर एकच आहे. हिंगणघाटची गाडी आली, नागपूरची आली. मी उठायचो, हात दाखवायचो, बसायचो. थकलो होतो बाई. पण ठेल्यावरून घरी जावं असं वाटलं नाही. कोणी पुन्हा विचारलंच, तर आपण तिथं असलो पाहिजे.

ऊन चढल्यावर वरोऱ्याकडून एक मोटर आली. आतल्या माणसानं काच खाली केली. डोळे सुजलेले. तुझ्या हाताखाली शिकलेला असावा. मी रस्ता सांगितला, त्यानं नीट ऐकून घेतला, मग माझ्या टोपीकडं, स्टुलाकडं, बंद ठेल्याकडं पाहिलं अन् विचारलं, "बाबा, तुम्ही कोण?"

ह्या चौरस्त्यावर मला हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

"मी वंदनाचा सासरा," म्हणालो, अन् पुढच्या गाडीकडं पाहत उभा राहिलो.